कोठीत लोकर, मांडणीवर कागद

दिवाणाचं झाकण उचललं आणि सामान दिसायच्या आधी वास आला. ओल, डांबराच्या गोळ्या आणि त्यांच्या खाली कुठेतरी सादळलेला कागद. आत लोकरीचे गुंडे, साड्यांच्या तुकड्यांच्या चार पिशव्या, थर्माकोल, मागच्या लग्नसराईतलं उरलेलं रुखवत. वर गादी. त्या गादीवर रोज रात्री सात वर्षांचा मुलगा झोपत होता, आणि डिसेंबरात बालदम्याचं निदान होऊन त्याला पंप सुरू झाला होता.

मला बोलावलं होतं ते यासाठी नव्हे. "ताई, सामान मावत नाही, एक मोठं कपाट करून द्या," एवढंच फोनवर सांगितलं होतं. ठाण्यात घरांच्या आतली छोटी कामं मी गेली बारा वर्षं घेते. कपाट करून देणं माझ्या फायद्याचंच होतं. पण त्या दिवाणापाशी उभी राहिले आणि कळलं की या घरात नवं कपाट आलं तर फक्त वास ठेवायला आणखी एक जागा होईल. शेवटी नवं फर्निचर काहीच आणलं नाही. जे आणलं नाही, त्याचीच ही हकिगत.

घर आणि घरचे

चरईतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि उभं राहण्यापुरती गॅलरी, सगळं मिळून 480 चौरस फूट. राहणारी माणसं पाच. नावं मुद्दाम देत नाही. आजी, त्यांचा मुलगा (ऐरोलीला नोकरी, सकाळी साडेसातला बाहेर, रात्री आठला परत), सूनबाई, दुसरीतला मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. सूनबाईंना मी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणते आणि त्यांच्या नवऱ्यांना दादा, तसंच इथे लिहिते.

वहिनी रुखवत करून देतात. सप्तपदीची पावलं, सुपारीचे नवरा-नवरी, मण्यांची तोरणं, सजवलेले नारळ, लोकरीचे रुमाल. मुंडावळ्या आजी ओवतात. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा हात उलट जास्त चालतो. संक्रांतीला हलव्याचे दागिने असतात, कारण नव्या नवरीची पहिली संक्रांत आणि बाळाचं बोरन्हाण ही दोन गिऱ्हाइकं कधी आटत नाहीत. गणपतीआधी मखराची कागदी फुलं. आणि गेल्या वर्षापासून रेझिनमध्ये (हार्डनर मिसळला की कडक होणारं प्लास्टिकसारखं रसायन) ओतलेल्या दारावरच्या नावाच्या पाट्या. पैसे सगळ्यात जास्त त्यात मिळत. त्या पाट्या रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओतल्या जात.

म्हणजे एकाच घरात पाच धंद्यांचा कच्चा माल, आणि पाचही हंगाम एकमेकांच्या शेपटीवर पाय देणारे.

सगळं खाली

मी भिंती मोजत नाही. आधी सगळं सामान जमिनीवर काढायला लावते. या घरी त्याला एक अख्खा रविवार लागला. दिवाणातून, माळ्यावरून, पलंगाखालून, फ्रीजच्या डोक्यावरून. दादा मुलांना घेऊन तलावपाळीला गेले, ते दुपारी जेवायलाच परतले.

मग मी नेहमीप्रमाणे वर्गवारी सुरू केली. कागदाशेजारी कागद, मण्यांशेजारी मणी, रंगाशेजारी रंग. आजी खुर्चीवर बसून बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रॉकेल आणि पीठ दोन्ही डब्यातच असायचं, म्हणून कधी एका फळीवर ठेवलंस का गं?"

मी थांबले. त्या बरोबर बोलत होत्या. त्यांच्या काळी घरात रॉकेल होतं, उंदराचं औषध होतं, लोणच्याच्या बरण्या होत्या. प्रत्येकाची जागा वस्तू काय आहे यावरून ठरत नसे. ती कोणाच्या हाताला लागेल, तिच्याकडे कोण धावेल, तिचा वास कशाला लागेल, यावरून ठरे. कलाकामाच्या सामानाला मात्र आपण 'छंदाचं' म्हणतो आणि ते निरुपद्रवी धरून चालतो.

ढीग मोडले आणि पुन्हा लावले. या वेळी प्रश्न वेगळे होते. धूळ धरून बसणारं काय, तर लोकर, कापड, कापूस. श्वासात जाणारं काय, तर रेझिन, थिनर, स्प्रेचे डबे, रबर सोल्युशन. किडा-मुंगी ज्याला लागेल असं काय, तर सुपाऱ्या, तांदूळ, डाळी, हलवा. मुलगी तोंडात घालेल असं काय, तर मणी, टिकल्या, लोहचुंबक आणि दिव्यांच्या बटणासारख्या बॅटऱ्या. राहिला कागद, पुठ्ठा, साचे, कात्र्या. यातला शेवटचा ढीग सगळ्यात मोठा आणि, कात्र्या सोडल्या तर, सगळ्यात निरुपद्रवी निघाला. गंमत म्हणजे घरातल्या एकुलत्या एका कुलूपबंद खणात तोच होता, कारण मुलगा वहिनींचे महागातले कागद चित्रं काढायला पळवायचा.

बॅटऱ्यांबद्दल इथेच सांगते, कारण त्या दिवशी माझा आवाज चढला होता. रुखवतात हल्ली बारीक एलईडी दिवे लावतात. त्यांच्यातली चपटी गोल बॅटरी, विशेषतः 20 मिलिमीटरची लिथियमची, लहान मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही खोलवर भाजू शकतं. त्यासाठी ती फुटावी लागत नाही. ओल्या जागी तिच्यातून वीज वाहते आणि तेवढंच पुरतं. 'शीतून पडेल' म्हणून वाट बघायची नसते, उलटी करवायची नसते, थेट इस्पितळ गाठून एक्स-रे काढायचा असतो. वहिनींकडे अशा 34 बॅटऱ्या होत्या, बिस्किटाच्या उघड्या डब्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

जुन्या वस्तूंना नवी कामं

घरात वापराबाहेर गेलेलं फर्निचर होतं, आणि 'वडिलांच्या वेळचं' म्हणून ते कोणी टाकत नव्हतं. तोच माझा माल.

तीन पत्र्याच्या कोठ्या. पूर्वी चिपळूणकडून वर्षाचा तांदूळ यायचा तो त्यांत राहायचा. आता घरी पाच किलोच्या पिशव्या येतात, आणि कोठ्या माळ्यावर पालथ्या पडल्या होत्या. घट्ट झाकण, गुळगुळीत पत्रा, फडक्याने पुसला की स्वच्छ. लोकर आणि कापड ठेवायला मी याहून चांगली वस्तू विकत घेऊ शकले नसते. घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतात. माणसाच्या कातडीचा कोंडा खाऊन ते जगतात, आणि गादी, लोकर, मऊ खेळणी ही त्यांची आवडती वस्ती. त्यांची विष्ठा श्वासात गेली की दमेकऱ्याला त्रास होतो. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली टिकली तर ते तग धरत नाहीत, असं पुस्तकात असतं. ठाण्यात जुलैमध्ये ती तिथवर आणायची म्हणजे अहोरात्र एसी. ते काही आपल्या वीजबिलाचं काम नाही. तेव्हा हवा कोरडी करत बसण्यापेक्षा त्यांची घरं मुलाच्या नाकापासून दूर नेऊन झाकणं, एवढंच हातात होतं.

आजींनी मात्र कोठी द्यायला आढेवेढे घेतले. धान्याची कोठी रिकामी करून तिच्यात चिंध्या भरायच्या? निदान तळाशी मूठभर तांदूळ तरी राहू दे, म्हणाल्या. तांदूळ राहिला की पोरकिडे आलेच. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तांदळाऐवजी सव्वा रुपया ठेवायचं ठरलं. त्यात पावली शोधण्यात एक दिवस गेला. कोठीला बाहेरून हळदीकुंकवाची बोटं. ती अजून आहेत, आणि पत्रा पुसताना वहिनी तेवढा भाग सोडून पुसतात.

डांबराच्या गोळ्या बंद केल्या. वहिनींना त्या टाकवत नव्हत्या, "कसर लागेल ना!" पण बाजारात छंदकामासाठी मिळणारी लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते. कसर खऱ्या लोकरीवर, रेशमावर जगते, ॲक्रिलिक तिला पचत नाही. म्हणजे घर वर्षानुवर्षं ज्या वासात झोपत होतं, त्याचा लोकरीला काडीचा उपयोग नव्हता. शिवाय नॅप्थालिनच्या या गोळ्या लहान मुलांच्या आसपास नकोतच. ज्यांच्या रक्तात जी-6-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, आणि अशी कमतरता आहे हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं. रेशमी तुकड्यांच्या पुरचुंडीत वेखंडाचे दोन कुडे घातले. ते किती काम करतात यावर मी पैज लावणार नाही. ते घातले म्हणून आजी गप्प बसल्या.

मग स्टीलची मांडणी. स्वयंपाकघरात ट्रॉल्या आल्यावर ती उतरवून गॅलरीत उभी केली होती, तीन फूट रुंद, ताटांच्या खाचांसकट. या मांडणीबद्दल मी कितीही लिहू शकते. ताटांच्या खाचांत कार्डशीटचे पुठ्ठे आणि भरतकामाच्या रिंगा उभ्या राहतात, एक ओढली तर दुसरी पडत नाही. वाट्यांच्या कप्प्यात रिबिनींची रिळं. चमच्यांच्या नळकांड्यात ब्रश आणि पेन. कप अडकवायच्या आकड्यांना कात्र्या, तेही पाच फुटांवर, म्हणजे धाकटीच्या हाताबाहेर. आणि सगळीकडून जाळी, हवा आरपार. बंद खणात पावसाळ्यात कागद सादळतो, मांडणीवर सादळला तरी ऊन पडलं की सुकतो. दुकानातून 'क्राफ्ट ऑर्गनायझर' म्हणून जे प्लास्टिकचं येतं ते या मांडणीच्या पासंगाला पुरत नाही. आपल्या आज्यांच्या भांड्यांसाठी ज्याने कोणी ती घडवली त्याला मी मनातल्या मनात हात जोडते.

शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड कामाचं टेबल झाला. वहिनी जमिनीवर मांडी घालून, मान खाली करून रोज चार-पाच तास काम करत, आणि मानेला पट्टा लावायची पाळी येऊन गेली होती. स्टँड जड, कलंडत नाही. चाकाचा पट्टा काढला आणि पायटा तारेने बांधून टाकला, नाहीतर धाकटीची बोटं चाकात जायला वेळ लागला नसता. वर जुन्या दाराची फळी टाकून उंची कोपराला जुळवली.

ट्यूबवाल्या टीव्हीची चाकांची ट्रॉली म्हणजे चालती ऑर्डर. ज्या लग्नाचं काम चालू, तेवढंच सामान तिच्यावर. रात्री ती ढकलत बेडरूममध्ये न्यायची. पार्टिकल बोर्डची होती, खालून पाणी पिऊन फुगलेली. तेवढी कड कापून पट्टी चिकटवली. असल्या बोर्डच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड सुटतं. नव्यात जास्त, जुनं होत जाईल तसं कमी. वीस वर्षांच्या ट्रॉलीची मला फार धास्ती नव्हती. नवं कपाट त्याच बोर्डाचं केलं असतं तर वाटली असती.

सुपाऱ्या, डाळी, हलवा यांना काचेच्या बरण्या. हलव्याच्या बरण्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, पण निळ्या दाण्यांच्या नव्हे. निळ्या रंगासाठी त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, आणि ते कर्करोगाच्या संशयितांत मोडतं. पांढरे दाणे मिळतात.

राहता राहिलं रेझिन. त्याला मी कोणतंच फर्निचर दिलं नाही. रेझिन आणि त्याचा हार्डनर हातमोज्यांशिवाय हाताळत गेलं की हळूहळू कातडी बिथरते, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. वहिनींच्या मनगटावर खाजरे चट्टे होतेच. 'भांडी घासायच्या साबणाने झालं' असं त्या धरून चालल्या होत्या. ओटा पोळ्या लाटायचा, खोलीला एक खिडकी, आणि पलीकडच्या खोलीत दमेकरी मूल. माझं मत स्पष्ट होतं, या घरात रेझिन नको. वहिनींचंही मत स्पष्ट होतं, महिन्याचे चार हजार त्यातून येतात. हा माझा पैसा नव्हता, तेव्हा मी एकदा सांगून गप्प बसले. दहा दिवसांनी त्यांनीच फोन करून हातातल्या ऑर्डरी संपवून बंद करते म्हणून कळवलं. ते चार हजार आजतागायत भरून निघालेले नाहीत, हेही इथे लिहिलं पाहिजे.

शोकेस, आणि माझी चूक

हॉलमधलं शोकेस आजोबांनी 1984 साली करवून घेतलं होतं. वर काचेची सरकती दारं, खाली लाकडी दारांचे दोन कप्पे, सगळ्याला हिरवा ऑइल पेंट. आत कधीही न वापरलेला डिनर सेट, शाळेतली पदकं आणि पंचवीस वर्षं जागचा न हललेला चिनी मातीचा हत्ती. मणी, चुंबक, बॅटऱ्या यांच्यासाठी वरचा भाग उत्तम, काचेला लावायचं छोटं कुलूप मिळतं. फक्त रंग पोपडे धरून सुटत होता. मी मिस्त्रींना सांगितलं, गॅलरीत नेऊन दारं घासून घ्या आणि नवा हात मारा.

ते पॉलिश पेपरने घासू लागले. अर्ध्या तासाने मी वर आले तर हॉलच्या फरशीवर हिरवी पूड, आणि धाकटी त्यातून रांगत मिस्त्रींकडे निघालेली. गॅलरीचं दार उघडंच होतं.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत विशेष. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारा नियम 2016 साली निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. 1984 चा रंग त्याच्या तेहतीस वर्षं आधीचा. हे मला माहीत होतं. दुसऱ्या एका घरी मी याच कारणावरून पाळणा घासू दिला नव्हता. इथे 'नुसतं शोकेस' म्हणून डोक्यातून निसटलं. मिस्त्रींचा यात काही दोष नाही.

काम तिथेच थांबवलं. केरसुणी लावू दिली नाही, कारण झाडलं की पूड हवेत उडते. ओल्या फडक्याने तीनदा पुसलं, फडकी पिशवीत बांधून टाकली. मुलीला अंघोळ, कपडे वेगळे धुतले. संध्याकाळी मी स्वतः वहिनींबरोबर त्यांच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली, दोन्ही मुलांची. आकडे डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटना शिशाचा उगम शोधून काढायला सांगते ती पातळी तीच. तपासणीचा खर्च मी दिला. वहिनी नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही.

त्यानंतर ती पोपडे धरलेली दोन लाकडी दारंच टाकून दिली. बाकीचा रंग घट्ट होता. त्याला हात न लावता साबणाच्या पाण्याने पुसून वरून प्रायमर आणि नवा रंग दिला, तोही मुलं आजोळी गेलेली असताना. खालचे कप्पे उघडेच राहिले. तिथे मुलांची पुस्तकं आली, आणि तळाला वजन राहिलं हे बरंच झालं. शोकेस बाहेरच्या भिंतीवरून हलवून आतल्या भिंतीला आणलं, कारण पश्चिमेची भिंत पावसात ओल धरते आणि भिजलेल्या गिलाव्यात गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची खुंटी) धरत नाही. वर दोन एल-पट्ट्यांनी भिंतीला जखडलं. चालायला लागलेलं मूल खणाची पायरी करून चढतंच, आणि सुटं शोकेस अंगावर यायला क्षण लागतो.

दिवाण रिकामा

मुलाच्या दिवाणात आता काहीच नाही. हे सगळ्यांना जड गेलं. सहा बाय तीनची रिकामी पेटी, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही! दादा दोनदा म्हणाले, "निदान सुटकेसा तरी?" मी हट्टाने नको म्हटलं. प्लायच्या तळाला ड्रिलने भोकं पाडली, मागची फळी भिंतीपासून चार इंच सरकवली. गादीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ आली, चादरी आठवड्याला गरम पाण्यात.

वहिनींनी दिनदर्शिकेवर एक खूण सुरू केली. रात्री मुलगा खोकून उठला की त्या तारखेला गोल. मार्चमध्ये 11 गोल होते. एप्रिलमध्ये 7. मला आनंद झाला. मग दिनदर्शिका नीट बघितली तर काही तारखांवर 'क' लिहिलेला दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "संध्याकाळी कॉइल लावतो ना, ती आठवायला." डासांची कॉइल! त्या दिवशी सातला, दिवाणाच्या पायाशी. मी गादी, लोकर, बुरशी सगळं बघितलं आणि खाटेखालच्या धुराबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं. गोल आणि 'क' पुष्कळदा शेजारी-शेजारी होते. मे महिन्यात तिन्ही खिडक्यांना जाळ्या बसल्या आणि कॉइल बंद झाली. आजींच्या देवघरातली उदबत्ती मात्र राहिली, फक्त खिडकीशी सरकली.

जूनमध्ये 3 गोल, जुलैमध्ये 6, ऑगस्टमध्ये 5. चांगलं की वाईट? आदल्या पावसाळ्यात कोणी खुणा केल्या नव्हत्या, तेव्हा तुलना करायला काही नाही. शिवाय एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी पंपाचा डोस बदलला होता आणि पंप नळीतून नीट कसा घ्यायचा ते पुन्हा शिकवलं होतं. कोठीने किती केलं, जाळीने किती आणि पंपाने किती, हे या घरातून वेगळं काढता येणार नाही. कोणी मला विचारलं की 'फर्निचर बदलून दमा गेला का', तर उत्तर नाही असं आहे. दमा आहे, पंप चालू आहे, तो स्वतःच्या मनाने बंद करायचा नाही. मुलगा रात्री कमी उठतो, एवढंच.

मानेचा पट्टा मात्र खुंटीवर गेला. तिथे शंका नाही.

खर्च आणि बिनसलेलं

मिस्त्रींची मजुरी तीन दिवसांची 4,200, रंग-प्रायमर 1,150, एल-पट्ट्या, कुलूप, गिट्ट्या मिळून 640, जाळ्या 3,900, गादीची खोळ 1,800, बरण्या जांभळी नाक्यावरून 900. बेरीज 12,590. सुरुवातीला मागितलेल्या कपाटाचा माझाच अंदाज 46,000 चा होता. माझी फी यात नाही. तपासणीचा खर्च वजा जाता तिच्यात फारसं काही उरलंही नव्हतं.

सगळं टिकलं असं नाही. पहिल्याच जुलैत एका कोठीतली लोकर आंबूस वासाला लागली. वहिनींनी पावसाळी दिवशी विणलेले रुमाल तसेच आत टाकून झाकण लावलं होतं. घट्ट झाकण बाहेरची ओल आत येऊ देत नाही, तसंच आतली बाहेरही जाऊ देत नाही. आता नियम असा की गौरी-गणपती होईपर्यंत मोठ्या दोन कोठ्या उघडायच्याच नाहीत. लागेल तेवढं जूनच्या आधी तिसरीत काढून ठेवायचं. ट्रॉली रात्री बेडरूममध्ये न्यायची, तीही महिन्याभरात हॉलमध्येच राहू लागली. कंटाळा येतो, माणूस आहे. मग वरच्या फळीला झाकणाचा डबा बसवला आणि तडजोड केली. पश्चिमेच्या भिंतीची गळती आहे तशीच आहे. ते काम सगळ्या मजल्यांचं, आणि सोसायटीच्या सभेत तो विषय दर वर्षी चहापर्यंत पोहोचून थांबतो.

मे महिन्याचं वाळवण मात्र घराने मनापासून उचललं. पापड-कुरडया हल्ली विकतच्या येतात, त्यामुळे गच्ची रिकामीच असते. कोठ्या उपड्या करून लोकर आणि कापडं जुन्या धोतरावर पसरायची, वरून पातळ सुती साडी म्हणजे रंग उडत नाही, सकाळी नऊ ते एक. खाली आणून सावलीत निवू द्यायचं आणि मगच झाकण. गरम गरम भरलं तर आत घाम धरतो, हे आजींना पापडांवरून ठाऊकच होतं.

यंदा मी मुद्दाम त्या दिवशी गेले. आजी गच्चीच्या जिन्यापाशी खुर्ची टाकून काठी घेऊन बसल्या होत्या, नातू शेजारी. कावळे घरट्यासाठी काड्या जमवत होते. दोनदा काठी आपटून झाली. तिसऱ्यांदा आजी चष्मा पुसत होत्या तेवढ्यात एक लाल गुंडा गेलाच, समोरच्या नारळापर्यंत लोकर उलगडत.